हळदीचा पडदा

कॉम्प्युटरच्या बाबतीत आपल्याला मेकॅनिक लागत नाही, असं मी पनवेलभर सांगत असतो. प्रांजलच्या हळदीला तर जरा जास्तच मोठ्यानं सांगितलं. तिथंच चुकलं!

माझी आई, गंगाबाई, म्हणजे आमच्या आगरी लग्नांतली धवलारीण. धवले गाऊन लग्नाचे विधी पार पाडणारी! जन्मभर ती आणि तिची मैत्रीण वेणूमावशी जोडीनं गायल्या. मावशी गेल्या वर्षी गेली. माझ्या चुलत बहिणीचं, प्रांजलचं, लग्न हे आईचं मावशीशिवायचं पहिलंच. त्यात हळदीच्या गाण्यातलं एक कडवं तिला काही केल्या आठवेना. मावशीच्या आवाजातलं ते गाणं फक्त आमच्या कॉम्प्युटरवर होतं.

"निकेश, वेणूचा गाना लाव. येकदा आयकते," आई म्हणाली.

आमच्या कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम आहेत. एक माझ्या कामाची, एक गाण्यांची. चालू केला की आधी काळा पडदा येतो आणि कुठली उघडू, असं विचारतो.

"लग्नाचे घरान काला?" आई दचकली.

"हात्तिच्या! आत्ता हळदीसारखा पिवळा करतो!"

"आदी गाना लाव."

"आधी हळद, मग गाणं!"

मी गाण्यांची सिस्टिम उघडली. गाणं समोरच होतं, पण मी त्या काळ्या पडद्याच्या सेटिंगची फाइल उघडली आणि रंग हातानं लिहायला बसलो. पडदा पिवळा. निवडीची पट्टी पिवळी. जोशात अक्षरंही पिवळी! मग ऐटीत बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा पिवळाधमक. त्यावर एक अक्षर दिसेल तर शपथ!

"कवरा सुंदर!" आई म्हणाली. "आता गाना?"

मी अंदाजानं बाण दाबला, एंटर दाबलं. निळा पडदा आला आणि आकडे धावू लागले.

"ह्या काय?"

"कॉम्प्युटर स्वतःची स्मरणशक्ती तपासतोय."

"मंग माजी पन तपासाला सांग!"

मी तो बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा पिवळा! एवढ्यात जनीकाकू हळदीची वाटी घेऊन आली. "या बया, याची पन हलद हाय?" म्हणत तिनं पडद्याला पाच बोटं ओढली. वर कुंकूही लावलं. आता माझ्या पिवळ्यावर तिचा पिवळा! बाहेर डीजेवाला दणके देत होता, मांडवातून "धवलारीण कुठं हाय?" अशा हाका येत होत्या आणि मी घामाघूम.

आईनं पदरानं डोळे टिपले. "ऱ्हाव दे बाला. वेणूच नाय, तं कडवा कुठला?"

एका रंगापायी मी तिची मैत्रीण पुन्हा एकदा हिरावून घेतली होती.

एवढ्यात माझी बायको, स्नेहल, बाजारातून फुलं घेऊन आली. पडद्याकडे न बघताच तिनं एकदा खालचा बाण दाबला आणि एंटर.

"तुला कसं कळलं?"

"अहो, तुम्ही ऑफिसला गेलात की आईंना रोज भजनं मीच लावून देते."

गाण्यांची सिस्टिम उघडली, गाणं सुरू झालं. वेणूमावशीचा तो खणखणीत आवाज! आई श्वास रोखून पुढे सरकली. ते कडवं जवळ आलं, आणि मावशी थांबली.

"गंगे," रेकॉर्डिंगमधून आवाज आला, "फुरं काय गो?"

पुढचे शब्द मावशी आईलाच विचारत होती!

आईनं हळद लागलेल्या पडद्यावर हात ठेवला आणि गायला लागली. पाठोपाठ रेकॉर्डिंगमधली आईही तेच कडवं गायला लागली!

"हिला कवा येतच नव्हता!" आई हसत होती, रडत होती. "दर लग्नान मीच सांगाचे!"

त्या संध्याकाळी मांडवात आई अशी गायली, की डीजेवाल्यानंही आपणहून आवाज बंद केला.

लग्न होऊन महिना झाला. पडदा अजून पिवळाच आहे, आई रंग बदलू देत नाही. माझं काय अडतंय म्हणा! कॉम्प्युटरच्या बाबतीत आपल्याला मेकॅनिक लागत नाही.

फक्त सकाळी ऑफिसला जाण्याआधी कामाला बसताना स्वयंपाकघराकडे बघून हळूच विचारावं लागतं, "स्नेहल, माझ्या कामाला बाण वर गं, की खाली?"