दर वेळी विचारा

कोल्हापुरात सगळ्या फोनांवर चालणारं ॲप सर्वांत आधी कुणी केलं, असा प्रश्न उद्या एखाद्या परीक्षेत आलाच, तर उत्तरात बिनधास्त माझं नाव लिहा! साल दोन हजार आठ. तेव्हा ॲप हा शब्दही आमच्याकडं पोचला नव्हता, सगळे 'जावा प्रोग्रॅम' म्हणायचे. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या खोलीत माझी कंपनी होती. मालक मी, इंजिनियर मी, चहा सांगणारा मी आणि पिणाराही मीच. कंपनीत माणसं किती, असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, सध्या टीम लहान आहे.

ॲपचं नाव 'खुशाली'. ते केलं मागच्या गल्लीतल्या शेवंताबाईंसाठी. बाई दवाखान्यात आया होत्या, रिटायर होऊन एकट्याच राहायच्या. मुलगी दीप्ती पुण्याला बँकेत. आईनं पुण्याला येऊन राहावं म्हणून ती हट्टाला पेटली होती आणि आई घर सोडायला तयार नव्हती. शेवटी माझ्या खोलीत बसून दोघींचा तह झाला. रोज सकाळी सातला आईच्या फोनवरून 'जयभीम, मी बरी आहे' असा मेसेज पुण्याला जायचा. मेसेज चुकला की आईनं सामान बांधायचं. म्हणजे बघा, एका बाईचं अख्खं घर माझ्या प्रोग्रॅमवर उभं होतं!

प्रोग्रॅम आठवड्यात झाला. घोडं अडलं ते परवानगीपाशी. फोनचा कायदाच असा, की बाहेरच्या प्रोग्रॅमनं मेसेज पाठवायचा म्हटलं की फोन आधी मालकाला विचारणार, 'पाठवू का? होय की नाही?' त्यातही प्रत्येक फोनची तऱ्हा वेगळी. एक फोन एकदाच विचारायचा. दुसरा 'प्रोग्रॅम उघडू का' आणि 'मेसेज पाठवू का' असं दोनदा. एका चायना फोनला होय म्हटलं तर त्यानं 'नक्की का?' म्हणून पुन्हा विचारलं, मुलीच्या मामासारखं.

शेवंताबाईंचा फोन मात्र साधा होता. रोज सातला टुंग करून विचारायचा, बाई होय दाबायच्या, मेसेज जायचा. दोन महिने सुरळीत गेले. मग एके दिवशी पाणी लवकर आलं म्हणून बाई घागरी घेऊन नळावर गेल्या आणि फोन इकडं विचारून विचारून गप्प बसला. साडेसातला दीप्तीचा मला फोन. या वेळचं सोडून देते म्हणाली, पण पुन्हा मेसेज चुकला तर थेट टेम्पो घेऊन येईन.

मी म्हटलं, पुन्हा चुकणारच नाही! कारण चूक बाईंची नव्हती, प्रश्नाची होती. प्रश्नच काढून टाकला की उत्तर राहून जायचं कारण नाही. त्यासाठी प्रोग्रॅमवर एका परदेशी कंपनीची डिजिटल सही लागायची. तिनं माझी ओळख पटवायला लाइटबिल मागितलं. ते घरमालकाच्या नावावर. मीच मी आहे हे त्यांना पटवण्यात तीन आठवडे गेले, आणि खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत माझी एवढी चौकशी दुसऱ्या कुणीच केली नाही.

सही मिळाली. मी फाईलमध्ये परवानगीची ओळ घातली आणि बाईंच्या फोनमध्ये 'दर वेळी विचारा' होतं तिथं 'कायम परवानगी' करून टाकलं. बाई शेजारी बसून बघत होत्या.

"म्हंजे ह्यो आता इचारणार न्हाय?"

"नाही मावशी. आता तुम्हाला काहीच करायचं नाही."

"बरं," म्हणाल्या आणि फोन घेऊन जिना उतरून गेल्या. एवढ्या मोठ्या कामगिरीला नुसतं 'बरं' म्हटल्याचं मला जरा लागलंच.

पुढं बारा दिवस सातच्या ठोक्याला मेसेज. तेराव्या दिवशी, रविवारी दहा वाजता दीप्तीचा फोन आला. आई फोन उचलत नाही, चार वेळा करून झाला. मी विचारलं, मेसेज आला का? आला होता, सातलाच. मग बरी आहे की, मी म्हटलं. याआधी शेवटचं बोलणं कधी झालं, हेही विचारलं. ती थोडी घुटमळली. मेसेज रोज येतोय म्हटल्यावर तिनं दहा दिवसांत फोन केलाच नव्हता.

मी मागच्या गल्लीत गेलो. दाराला बाहेरून कुलूप. दीप्तीला म्हटलं, लाव बघू फोन. तिनं लावला आणि घराच्या आतून रिंग ऐकू आली!

समोरच्या घरातले केरबा बाहेर आले. एसटीतले रिटायर कंडक्टर, हिशेबाला पक्के. बाई शुक्रवारपासून दिसल्या नव्हत्या, असं त्यांनी आधी जाहीर केलं.

"कुलूप भाईर, फोन आत," केरबा बोटांवर मोजत म्हणाले, "आनि सकाळी सातला बाई सांगत्यात मी बरी हाय. म्हंजे बाई आत हाय. कोंडलंय कुनीतरी."

बघता बघता निम्मी गल्ली गोळा झाली. आता खरं तर मी एवढंच सांगायचं होतं, की मेसेज आपोआप जातो, त्याला बाई लागत नाहीत. पण हे मी दीप्तीलासुद्धा सांगितलं नव्हतं. प्रश्न काढला ही माझी हुशारी मी माझ्यापाशीच ठेवली होती. फोनवर ती विचारत होती, "मेसेज आईनंच पाठवलाय ना?" आणि मी काय केलं? गप्प बसलो. तिनं कुलूप फोडायला सांगितलं आणि पुण्याहून गाडी काढली.

केरबांनी पहार आणली. कुलूप तुटलं. आत कुणी नव्हतं. भांडी घासून पालथी घातलेली, अंथरूण घडी करून ठेवलेलं. फोन सापडला ज्वारीच्या डब्यात.

गल्लीतली माणसं चौकशीला पांगली आणि मी उंबऱ्यावर बसून राहिलो. मला भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? बाई कुठं तरी पडल्या असत्या, तरी माझ्या प्रोग्रॅमनं रोज सातला 'मी बरी आहे' असंच सांगितलं असतं. बॅटरी संपेपर्यंत सांगितलं असतं.

तीनला दीप्ती आली. मी सगळं कबूल केलं. ती रागावेल म्हणून मी तयारीत होतो, पण तिनं एवढंच विचारलं.

"म्हणजे इतके दिवस आई बरी आहे म्हणून मला कोण सांगत होतं?"

"मी," मी म्हटलं.

अर्ध्या तासानं गल्लीच्या तोंडाला शेवंताबाई दिसल्या. हातात पिशवी, पिशवीत रताळी, चांगल्या खणखणीत! दारासमोर आल्या आणि पहिला प्रश्न, कुलूप कुणी फोडलं? सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

बाई शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं मलकापूरला बहिणीकडं गेल्या होत्या. दीप्तीला रडू आवरेना. फोन का नाही नेलास, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

"कशाला न्यायचा?" बाई म्हणाल्या. "आदी सकाळ झाली की इचारायचा, पाटवू का म्हनून. मी व्हय म्हनायचो. तेवढंच कुनीतरी इचारत हुतं की. आता मला न इचारताच सांगतोय, मी बरी हाय म्हनून. मग त्याला मी कशाला पायजे? दिला डब्यात टाकून."

दारातली माणसं एकेक करून पांगली. केरबाही पहार घेऊन घरात गेले.

दीप्तीनं टेम्पोचा विषय काढला नाही. नवं कुलूप आणायला ती स्वतः गेली, आणि जाताना मला एवढंच म्हणाली, की ते पहिल्यासारखं करून दे. मी सेटिंग उघडून 'दर वेळी विचारा' केलं. तीन आठवड्यांची मेहनत चार बटणांत गेली! बाईंनी मला दोन रताळी दिली.

खोलीवर आलो. बसवत नव्हतं. मग 'खुशाली' माझ्याच फोनवर टाकलं. वेळ सकाळी सात, 'दर वेळी विचारा'. पुढचा रकाना, मेसेज कुणाला पाठवायचा? आई-वडील राहिले नाहीत. भाऊ बोलत नाही. फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत दोनदा बघितली, बहुतेक गिऱ्हाइकं. रकाना मोकळा ठेवून पुढं जाता येत नाही, कारण तशी व्यवस्था मीच केली होती. शेवटी माझाच नंबर घातला.

सकाळी सातला टुंग झालं. पाठवू का? मी म्हटलं, होय. मिनिटभरानं पुन्हा टुंग झालं आणि मेसेज आला. मी बरा आहे, असं कळलं.