जगदाळे सरांची गांधारी

जगदाळे सर माणसाच्या तोंडाकडं बघत नाहीत. वरवंडच्या स्टँडवर भेटले की आधी मनगट धरतात, कोपर चाचपतात, मग विचारतात, "बरा हायेस ना?" चित्रकलेचे मास्तर. नोकरी संपली, पण "आधी हाडं, मंग देव" हे पालुपद काही संपलं नाही.

उमेदीत त्यांनी नुसत्या पुराणातल्या लढाया रंगवल्या. साखर कारखान्यातला एक हमाल त्यांचा भीम होता. मी पंचविशीत त्यांचा अर्जुन होतो. धनुष्य म्हणून हातात ऊस. तासाभरात हात बधिर झाला. "अर्जुनानं कवा तक्रार केली व्हती का रं?" सर खेकसले.

सीता, द्रौपदी मात्र ते मनानंच काढायचे. एकदा त्यांची बायको, शांताकाकू, चहा घेऊन आल्या. मी म्हणालो, "सर, काकूंनाच बसवा की."

"हिची मान आखूड हाय."

काकूंच्या देखतच बोलले. काकू कप ठेवून आत गेल्या.

म्हातारपणी सरांच्या चित्रांतली लढाई गेली. बाणांवर पडलेले भीष्म, वनात निघालेली कुंती, असलंच काढू लागले. गेल्या उन्हाळ्यात मला बोलावलं. "धृतराष्ट्र व्हशील का? तुजं गुडघं आता बराबर झाल्यात."

गेलो. शेजारच्या खुर्चीत काकू बसलेल्या. साखरेच्या दुखण्यानं त्यांची नजर पार गेली होती. सर त्यांच्या डोळ्यांवर पांढरं फडकं बांधत होते.

"मला कशाला बांधताय? तसंबी दिसत न्हाई."

"गांधारीनं आपल्या मर्जीनं बांधलं व्हतं," सर म्हणाले. "तुजंबी तसंच दिसंल."

काकूंनी पाठ ताठ केली.

महिन्यानं संध्याकाळी गेलो तर चित्रातला धृतराष्ट्र खडखडीत वाळलेला, गांधारीचं तोंड ओलं.

"सर, हे राहिलंच का?"

"कवाच झालंय. पन सांजचं तिला बघायचं असतं."

काकू बोटांनी बघायच्या. तेलरंग फिसकटायचा. सकाळी सर तेच तोंड नव्यानं रंगवायचे.

"चार दिवस वाळू द्या ना."

"चार दिवस थांब म्हणू तिला?" सर माझ्यावर डाफरले. "आन् आता कुठं हसली हाय ती."

आतून काकूंनी हाक मारली. सरांनी टर्पेंटाईनमध्ये चिंधी बुडवली आणि त्यांची रंगानं माखलेली बोटं एकेक करून पुसायला आत गेले.