गुडघेपेठेचे जळीत व खेत्रोजी जासुदाचा पुकारा

श्री. ज्याच्या कृपेने हाडास हाड जुळते, आणि जुळून कुरकुरते तेही ज्याच्याच कृपेने, त्या देवास दंडवत. साहेबी पुसिले की, फौज जय्यत असता, तट शाबूत असता, आपली पेठ आपल्याच हाते कैसी जळाली, ते सांगावे. ऐशास राज्याचे नाव सांगत नाही, सर्वांस एकेक असतेच. बाकी हकीगत काही राखून ठेवीत नाही. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर. संवत्सराचे नाव ऐकूनच शहाण्याने कडी लावून घरात बसावे, परंतु या राज्यातील शहाणे सारे दरबारात, आणि दरबारी माणसास घरी बसवते कोठे?

राज्य साडेतीन हातांचे. वर मस्तकगड, तेथे बाईसाहेबांची गादी, खाली गुडघेपेठ, आणि पेठेपासून गडापर्यंत कण्याची थोरली वाट. त्या वाटेवर खेत्रोजी जासूद धावत असे. कोठे खरचटले, कोठे चटका बसला, की खेत्रोजीने गडाखाली येऊन पुकारा करावा, आणि वरून दरबाराने एकच शब्द द्यावा, "पावले!" म्हणजे वर्दी पोचली, आता दम खा. तो शब्द कानी आल्यावाचून जासुदाने थांबू नये, न आल्यास आवाज चढवावा, ऐसा रिवाज, आणि खेत्रोजी रिवाजाचा हट्टी माणूस. त्याची एकुलती लेक लाडूबाई गुडघेपेठेतच दिलेली, त्यामुळे त्या वाटेस त्याचा पाय अंमळ जास्तच उचले.

फौजेचे सरनोबत हैबतराव. शूर खरे, डोक्याने बेताचे. पूर्वी पणजीबाईंच्या अमदानीत थोर साथ आली होती, आणि त्या साथीचे गनीम पगडी डावीकडे कलती घालीत, म्हणून पणजीबाईंनी राज्यातल्या घरोघर, नखाच्या टोकावरील झोपडीतसुद्धा, पाळण्यात एक ओळ घालून दिली: जो जो रे जो जो, डावी कलती पगडी, त्याची मोडा तंगडी. त्या ओळीने तेव्हा राज्य वाचले, हे कबूल केले पाहिजे. मग तीच ओळ लेकीस, नातीस, पणतीस आली, आणि हैबतरावही तिच्यावरच झोपून थोर जाहले. पुढे या क्रोधी साली आषाढात तापाची स्वारी आली, गनिमांच्या पगड्या नेमक्या डावीकडे कलत्या, आणि हैबतरावांनी त्यांस असे कुटिले की वाहवा! परंतु फौज तापलेली, हत्यार म्यानात जाईना, आणि गस्त घालीत घालीत स्वारी गुडघेपेठेत शिरली. पेठेतले लोक बिजागरीचे कामकरी, दिवसभर उठणे आणि वाकणे, आणि वाकून वाकून सगळ्यांच्या पगड्या डावीकडे कललेल्या.

"कोण रे तुम्ही?" हैबतरावांनी दरडाविले.

"सरकार, आम्ही घरचेच."

"घरचे? मग पगडी अशी का?"

"कामच वाकायचे, मालक. सरळ केली तरी पुन्हा कलते."

"म्हणजे पणजीबाई खोटे सांगतात काय?" ऐसे म्हणून हैबतरावांनी हात उचलिला, आणि मग शिपायांनी घरे पेटविली, भिंती सुजल्या, गल्ल्या लाल जाहल्या, आणि तंगडी मोडली ती आपल्याच राज्याची. शेजारी बाईसाहेबांच्या धाकट्या बहिणीचे राज्य. पणजी तीच, पाळणाही तोच, परंतु तिकडे तापाची स्वारी आली नाही, म्हणून तिकडचे गुडघे धडधाकट, आणि बहीणबाई तीन जिने पळत चढून येऊन म्हणत, "ताई, तू ना, फार मनाला लावून घेतेस."

इकडे खेत्रोजी जीव खाऊन धावला. लाडू आत आहे, एवढेच त्याच्या मनात. गडाखाली येऊन ओरडला, "धावा! पेठ जळते! आपल्याच लोकांनी जाळिली!" तेव्हा कारभारी अंताजीपंत सज्जात आले, दुर्बीण लाविली, अंमळ पाहिले, आणि म्हणाले, "तट शाबूत आहे. बुरूज जागच्या जागी आहेत. पेठेत काहीएक नाही. खेत्रोजीस भास होतो." आणि बाईसाहेबांस अर्ज केला की, वजन थोडे उतरवावे, चित्त प्रसन्न ठेवावे, सर्व ठीक होईल. मग वरून जो शब्द यावयाचा तो आलाच नाही. त्याचे जागी "खोटे!" ऐसा आला. खेत्रोजी म्हणाला, लेक जळते आहे आणि हे भास म्हणतात! मग रिवाजाप्रमाणे त्याने आवाज चढविला, आणि दरबाराने पुन्हा खोटे म्हटले, आणि त्याने आणखी चढविला, आणि वाटेवरचे सारे जासूद मदतीस घेतले, आणि ऐसा गलबला जाहला की बाईसाहेबांस जेवण गोड लागेना, झोप येईना, आणि चालणे तर त्यांनी सोडूनच दिले.

शेवटी परमुलखाहून गोदूबाई वैद्यीण आल्या. त्यांनी दुर्बीण बाजूस सारिली, पेठेवर तळहात ठेविला, कढत लागला, आणि मग त्यांनी पणजीची, पाळण्याची, तापाची सर्व विचारपूस केली आणि हैबतरावांस समोर बोलाविले. "सरनोबत, ही आपलीच रयत ना हो?"

"पण बाई, पगडी..."

"पगडी राहू द्या. तोंड बघा तोंड!"

हैबतरावांनी प्रथमच तोंडे पाहिली, आणि बिचारे कानापर्यंत लाल जाहले. तरी सवय वाईट, म्हणून वैद्यीणबाईंनी दर आठवड्यास एक कडू गोळी वेशीतून आत धाडिली, आणि निम्मी फौज पहाऱ्यावरच पेंगू लागली. कोणी चोर आत शिरेल ही धास्ती राहिली, परंतु आग हळूहळू विझली.

आता सर्व स्वस्थ व्हावे की नाही? नाही! खेत्रोजी थांबेना. पांघरुणाचे टोक पेठेस लागले, "जळाले!" वारा आला, "जळाले!" लाडूबाई हातपाय भाजलेली परंतु जिवंत, ती स्वतः वाटेवर येऊन म्हणाली, "आबा, आग विझली. मी नुसती चूल पेटवली होती."

"आग! चुलीत आग!" खेत्रोजी धावत सुटला, आणि लाडूबाई डोळे पुसत माघारी गेली.

अंताजीपंतांस तर उकळ्या फुटल्या. "बघा! आता खोटे सिद्धच जाहले. याची जीभ छाटावी, म्हणजे शांतता होईल." दरबारात माना डोलल्या. वैद्यीणबाई म्हणाल्या, "जीभ छाटाल, मग उद्या खरेच जळाले तर सांगणार कोण?" तेव्हा बाईसाहेबांनी खेत्रोजीस वर बोलाविले. घसा बसलेला, डोळे तांबारलेले, उभे राहवत नाही.

"खेत्रोजी, का रे ओरडतोस इतका?"

"बाईसाहेब, शब्द आला की थांबावे, हा रिवाज. शब्दच आला नाही. पहिल्या दिवसापासून नाही."

"खोट्या वर्दीस पावले कैसे म्हणावे?" पंत मधेच बोलले.

"गप्प बसा, पंत! पोचली ना वर्दी? मग पावले. खरी की खोटी, ते मागाहून बघू." आणि बाईसाहेब गादीवरून उठल्या आणि स्वमुखे म्हणाल्या, "खेत्रोजी, पावले." खेत्रोजी तेथेच मटकन खाली बसला आणि लेकरासारखा रडला, आणि खरे सांगतो, लिहिताना आमचेही डोळे भरले.

मग वैद्यीणबाईंनी जाता जाता आज्ञा केली की, "रोज थोडी पावले, चुकवू नयेत." पंतांनी ताबडतोब दवंडी पिटविली की दरबाराने रोज थोडा वेळ मोठ्याने 'पावले, पावले' म्हणावे, आणि सारे मुत्सद्दी गंभीर मुद्रेने म्हणत बसले. वैद्यीणबाईंस चालणे म्हणावयाचे होते, हे एकट्या बाईसाहेबांस उमगले, आणि त्यांनी हसून दोन्ही केले.

ऐसे वर्तमान जाहले. पाळणा तोच राहिला, पणजी कोणास बदलता येते? हैबतराव पेंगत पहारा करितात. पेठेत दोन घरे पडली ती पडलीच. थंडीच्या दिवसांत खेत्रोजी अजून उगाच पुकारतो, परंतु आवाज खालचा. तेव्हा बाईसाहेब जिन्यात थांबतात, कठड्यास धरून हळूच "पावले" म्हणतात, आणि पुढली पायरी चढतात. इति हकीगत पोचली. आपणही पावले म्हणावे, म्हणजे आम्ही गप्प बसू.