चढाला पाठमोरी मोटार

केशवराव माळवदे यांनी पहिली मोटार पाहायला घेतली, तेव्हा गळ्यातला टेप काढून आधी तिच्या छातीचे माप घेतले. मग पोट, मग पाठीची लांबी. आकडे ते मोठ्याने म्हणत होते. शेवटी दोन पावले मागे सरून, मान तिरपी करून त्यांनी निर्णय दिला, "कापड बरं आहे. शिलाई घाईची आहे."

मोटार भोरच्या एका निवृत्त अंमलदारांची होती आणि ते शेजारीच उभे होते. "चालवून बघणार की नाही?" त्यांनी जरा तिखटपणे विचारले.

"बघणार की. आधी ट्रायल, मग बटण."

केशवराव आमचे शेजारी. घरात पिढीजात शिवणकाम. त्यांनी स्वतः मात्र कात्री ठेवून शिवणयंत्राच्या एका कंपनीची फिरती विक्री पत्करली होती. कात्री सुटली तरी टेप सुटला नाही. तो लग्नकार्यातही त्यांच्या गळ्यात असे. जगाकडे ते कापड म्हणून पाहत. नवा फौजदार 'खांद्यात सैल', उन्हाळ्यातली नीरा नदी 'धुऊन आटलेली', आणि एखादी सोयरीक सांगून आली की पहिला प्रश्न, "वरचं राहू द्या, अस्तर कसं आहे?"

त्यांचा मुलूख भोर आणि वेल्हे. यंत्राचा वरचा भाग सायकलला मागे बांधायचा आणि गावोगाव जायचे. उतारावर सायकल त्यांना नेई, चढावर ते सायकलीला नेत. यात त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार कंपनीची होती. पुण्याचे मॅनेजर एकदा स्वतः आले आणि सांगून गेले की यापुढे प्रत्येक फिरत्या माणसाकडे स्वतःची मोटार हवी. मोटार त्याने घ्यायची, कंपनी मैलामागे भत्ता देणार. मुदत दसऱ्यापर्यंत. मोटार झाली नाही तर भोर-वेल्ह्याचा मुलूख सासवडच्या माणसाकडे जाईल, कारण त्याच्याकडे मोटार आहे; आणि केशवरावांना पुण्याच्या दुकानात खुर्ची मिळेल.

आळीतल्या लोकांनी त्यांचे अभिनंदन केले. पुणे, विजेचा पंखा, बसून काम. केशवरावांचा चेहरा उतरला.

"तात्या," ते मला म्हणाले, "खुर्चीवर बसवलं तर मी शिवणीत उसवीन. मोटार घ्यायलाच पाहिजे."

त्यांनी गाडी चालवण्याचे शिक्षण घेतले, परवाना काढला आणि शोध सुरू केला. प्रत्येक वेळी मला बरोबर नेले. माणूस आरशात स्वतःची पाठ पाहू शकत नाही, म्हणून ट्रायलला दुसरा माणूस लागतोच, असे त्यांचे म्हणणे.

अंमलदारांची गाडी अमेरिकन होती, लांबरुंद. केशवरावांनी ती आमच्या आळीत आणली आणि दोन ओट्यांच्या मधोमध ती अडकली. पुढे जाईना, मागे येईना. दारे उघडायला जागा नव्हती, म्हणून केशवराव आणि अंमलदार दोघेही आतच. ओट्यावर धान्य निवडणाऱ्या आजींनी त्यांना बसल्या जागी चहा दिला. अखेर आठ-दहा जणांनी मागचा भाग उचलून गाडी बाहेर काढली.

"ढगळ," केशवराव म्हणाले.

दुसरी गाडी पुण्यात पाहिली. ती विलायती, छोटी, चकचकीत. केशवराव आत शिरले तेव्हा गुडघे चाकाला लागले आणि टोपी छताला. त्यांनी हात वर केले, खाली केले, दोन्ही बाजूंना वाकून पाहिले. विक्रेता सूट घातलेला तरुण होता. तो इंजिनाचे गुण सांगत होता.

"ते सगळं खरं हो," केशवराव म्हणाले, "पण काखेत आवळतेय. जरा सोडता येईल का?"

"काय सोडता येईल?"

"शिवण."

तरुणाने माझ्याकडे पाहिले. मी रस्त्याकडे पाहिले.

असे आणखी काही झाले. एका गाडीचा 'गळा खोल', एकीची 'बाही आखूड'. दसरा जवळ आला. सासवडचा माणूस भोरात येऊन खानावळीचे दर विचारून गेल्याची बातमी आळीत पोहोचली, तेव्हापासून केशवरावांचे जेवणात लक्ष राहिले नाही. शेवटी आम्ही कापूरहोळला उस्मानभाईंकडे गेलो. उस्मानभाई फाट्यावर मोटारी दुरुस्त करत आणि मधून मधून एखादी जुनी विकत. त्यांच्या छपराखाली एक उंच, काळी, पत्रा पोचलेली गाडी उभी होती.

"केशवराव, खोटं सांगून इकणार न्हाई म्या," उस्मानभाई म्हणाले. "इंजिन चांगलं हाय. चाकं उंच हायती, वढ्यानाल्यात अडकायची न्हाई. पन एक खोड हाय. पेट्रोलची टाकी बैठकीखाली. मोठा चढ आला की इंजिन वर जातं, टाकी खाली ऱ्हाती, आन पेट्रोल काय वर चढत न्हाई. गाडी बंद."

"मग चढ कसा चढायचा?"

"उलटा. गाडी फिरवायची आन मागं मागं न्यायची. दरबारातनं मानकरी निघत्यात की नाई, पाठ न दावता, तसं."

एवढे ऐकून मी निघायच्या तयारीने उठलो. भोर-वेल्ह्यात चढाशिवाय दुसरे आहे काय? पण केशवराव बसूनच राहिले.

"म्हणजे अख्खा चढ उलटा?" त्यांनी विचारले.

"अख्खा."

"तोंड खाली गावाकडं?"

"गावाकडंच."

"आणि वेग किती?"

"मानूस चालतंय तेवढाच, अन काय."

केशवरावांनी टेपला हातही लावला नाही. "घेतली," ते म्हणाले.

उस्मानभाई घाबरले. "अवो, आदी ट्रायल तरी घ्या! लोक मला हसतील!"

"तुम्हाला कशाला? हसतील ते मला."

दसऱ्याला झेंडूची माळ घालून मोटार पुण्याला गेली. तिथल्या सपाट रस्त्यावर तिने आपली खोड अजिबात दाखवली नाही. मॅनेजर तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "जुनी आहे. पण मोटार आहे." मुलूख राहिला. आळीत पेढे वाटले गेले.

पहिल्या फेरीला मी गेलो, कारण उलट्या चढाला मागे बसून रस्ता सांगणारा माणूस लागतो. "मागचं तुम्ही बघा, पुढचं मी बघतो," अशी आमची वाटणी झाली. विंझरच्या चढावर ओरडून माझा घसा बसला. डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या, म्हैस आहे, थांबा. गडी कामे सोडून बांधावर आले होते.

"केशवराव, गाडी रुसली व्हय?"

"रुसली न्हाई, लाजतीय!" केशवरावांनी उत्तर दिले.

एका म्हातारीने गाडीबरोबर चालत चालत विचारले, "काय इसरलं म्हनून माघारी चाललाय बाबा?"

"माघारी नाही आजी, पुढं चाललोय."

"मंग त्वांड हिकडं का?"

त्यावर केशवराव खदखदून हसले. इतके की गाडी बांधाला लागता लागता राहिली.

त्या दिवसाचा शेवटचा मुक्काम कानंदी नदीच्या काठची एक वाडी. तिथे त्यांची एकुलती एक मुलगी यमू दिली होती. लग्नाला दीड वर्ष झाले होते. केशवरावांची बायको यमूच्या लहानपणीच गेली, आणि मुलीला यांनीच वाढवले, हे आळीत सर्वांना माहीत होते. माहीत नव्हते ते हे, की कंपनीच्या साऱ्या मुलखात सारखे बिघडणारे यंत्र एकच होते, आणि ते यमूच्या सासरी होते.

मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे अन्नपाणी घ्यायचे नाही, ही रीत. केशवराव ती इतकी कडक पाळत की उंबरठाही ओलांडत नसत. यंत्र अंगणात आणले गेले. ते उत्तम स्थितीत होते. केशवरावांनी त्याला तेल घातले, पुसले, पुन्हा तेल घातले. यमू दाराआड पदर सावरून उभी होती.

"इवाई, पान्याचा घोट तरी घ्या," व्याही म्हणाले. "उन्हातनं आलायसा."

"आधी नातू दाखवा, मग अख्खी विहीर पितो."

व्याही मोठ्याने हसले. दाराआड यमूही हसली. बापलेकीचे बोलणे झाले ते एवढेच: "बरी आहेस?" आणि "व्हय, दादा. तुमी जेवता ना येळेवर?" केशवरावांनी मान हलवली, यंत्राला एक थेंब तेल आणखी घातले आणि उठले.

वाडीतून खिंडीपर्यंत रस्ता एकसारखा चढतो. मोटार फिरवली आणि आम्ही उलटे निघालो. मी मागच्या बैठकीवर गुडघे टेकून, काचेला डोळे लावून रस्ता सांगू लागलो. वळण आले. "डावीकडं," मी ओरडलो. गाडी डावीकडे वळली, पण जरा उशिरा. पुढच्या वळणालाही तसेच झाले. मी रागाने मान वळवली.

केशवराव चाक धरून समोर खाली पाहत होते. अंगणात यमू दोरीवर तांबडे लुगडे वाळत घालत होती. घातले, नीट पसरले, मग काढले, झटकले आणि पुन्हा घातले. सासुरवाशिणीला अंगणात नुसते उभे राहता येत नाही. हाताला काम लागते. मोटार माणसाच्या चालीने वर सरकत होती. घर लहान होत गेले. लुगडे दोरीवर चढत होते आणि उतरत होते.

खिंडीत सपाटी लागली. इथे गाडी फिरवून सुलट करायची, असे ठरले होते. केशवरावांनी इंजिन बंद केले.

"जरा निवू द्या," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तात्या, तुमची नजर लांबची आहे. आत गेली का हो ती?"

मी पाहिले. खाली एक तांबडा ठिपका वर गेला आणि खाली आला.

"नाही अजून."

"मग थांबू," केशवराव म्हणाले.