काही नाही ना मनात?

बेकरीवाल्या वहिनी "आहे" म्हणाल्या आणि सुताराच्या हातातली पेन्सिल वहीवर तशीच थांबली.

खरं तर हा प्रश्न उत्तर मिळावं म्हणून विचारायचाच नसतो. ही ख्रिस्ती मंडळी लहानशी, उणीपुरी सतरा माणसं, पण परंपरा केवढी! यांच्या पूर्वजांनी बंदूक हातात घ्यायला नकार दिला म्हणून तुरुंगात वर्षं काढली होती. तेव्हापासून यांच्यातल्या कुणी कुणावर खटला भरला नाही की हात उगारला नाही. या शांतीची वर्षातली मोठी खूण म्हणजे प्रीतिभोजन. त्या दिवशी प्रार्थनाघरात सगळे एकमेकांचे पाय धुतात आणि एकाच टेबलाशी जेवायला बसतात. मात्र त्याआधी मंडळीच्या सेवकाने घरोघर जाऊन प्रत्येकाला विचारायचं, की मंडळीतल्या कुणाबद्दल मनात काही आहे का? एकाच्याही मनात काही असेल तर टेबल मांडायचं नाही, असा नियम.

सुतार पस्तीस वर्षं सेवक होता. तो दारातूनच विचारायचा, "काही नाही ना मनात?" आतून "छे, शांती आहे" असं आलं की वहीत खूण करायची आणि पुढचं घर गाठायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सतरा माणसांची शांती तो दुपारच्या जेवणाआधी उरकत असे.

यंदा तर घाईच होती. त्याची थोरली बहीण अंथरुणाला खिळली होती. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. आईबाप गेल्यापासून ती त्याचं घर सांभाळत आली होती. डॉक्टरांनी तीन-चार आठवडे सांगितले, ते तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "एकदा प्रीतिभोजनाला बसते, मग जाते." म्हणून सुताराने भोजन दोन महिने अलीकडे ओढून पुढच्याच रविवारी ठरवलं होतं. आणि इथे घोडं अडलं.

"आहे म्हणजे? कुणाबद्दल?"

"नाव सांगणार नाही, भाऊ. नाव घेतलं की भांडण होतं, आणि आपण पडलो शांतीची माणसं." वहिनींनी पिठाचे हात झटकले. "पण खोटंही बोलणार नाही. राग आहे. भट्टीचं दार उघडलं की रोज येतो."

त्यांचा नवरा आठ महिन्यांपूर्वीच गेला होता, म्हणून सुताराने फार ताणलं नाही. तो तडक मास्तरांकडे गेला. मास्तर निवृत्त शिक्षक. प्रवचनं तेच करत. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि सल्ला दिला, की कुणाला सांगू नका. स्वयंपाकघरात मास्तरीणबाई कांदा चिरत होत्या. सुरी थांबली, तेव्हाच सुताराने ओळखायला हवं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या घरांत बातमी पोचली. आता चोराच्या मनात चांदणं! वहिनींचा राग आपल्यावरच आहे, हे प्रत्येकाला मनोमन पटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला शिंपी बेकरीत हजर झाला.

"वहिनी, माफ करा. तुमचा पाव बुटाच्या तळव्याला लावण्यासारखा असतो, असं मीच म्हणालो होतो."

"असं म्हणालात?" वहिनी म्हणाल्या. त्यांना हे ठाऊकच नव्हतं.

शिंपी बाहेर पडतो न पडतो तोच मास्तर आले. वहिनींच्या नवऱ्याच्या अंत्यविधीला केलेलं प्रवचन जुनंच होतं, फक्त नाव बदललं होतं, अशी कबुली देऊन त्यांनी डोळे पुसले. वहिनींनी तेवढंच विचारलं, की मूळचं कुणाचं? मूळचं शिंप्याच्या वडिलांच्या अंत्यविधीचं निघालं. ते शिंप्याला कळलं. ज्या प्रवचनाला तो ढसाढसा रडला होता, ते बेकरीवाल्यालाही मापात बसलं म्हटल्यावर शिंप्याचं डोकं फिरलं. त्याला शांत करायला मास्तरीणबाई गेल्या आणि ओघात सांगून बसल्या, की शिंप्याकडून आणलेले मास्तरांचे कपडे बारा वर्षं त्या दुसऱ्या दुकानात उसवून पुन्हा शिवून घेतात.

बुधवारपर्यंत मंडळीत एकाचं एकाशी पटेना. पण भांडणार कसे? आवाज चढवायची सवय नाही, शिव्या येत नाहीत. त्यामुळे लोक एकमेकांना "तुमचं कल्याण होवो" असं म्हणू लागले, आणि ते तोंडात मारल्यासारखं लागत असे. प्रार्थनाघराच्या दारात शिंपी आणि मास्तर "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" करत वीस मिनिटं उभे राहिले. बाकीचे त्यांच्यामागे थंडीत खोळंबले.

घरी बहीण दिवसागणिक उतरत चालली होती. पेल्यातलं पाणी तिला चमच्याने पाजावं लागे. सुताराला स्वतःचीच चीड आली. ज्यांनी तोफांना नाही म्हटलं त्यांच्या नातवंडांना एका पावाचं निभावता येईना, आणि तिकडे एक बाई मरायची थांबली होती. शनिवारी तो बेकरीत शिरला आणि आयुष्यात पहिल्यांदा ओरडला.

"वहिनी, नाव सांगा! माझी ताई चाललीय!"

वहिनी मटकन पोत्यावर बसल्या. "ह्यांच्यावर राग आहे माझा," त्या म्हणाल्या. "भट्टीचं दार उद्या दुरुस्त करतो म्हणाले आणि रात्रीच गेले. मला एकटीला टाकून. रोज हात भाजतो माझा." आणि त्या इतक्या रडल्या, की सुताराने गुपचूप दाराचं माप घेतलं.

"पण वहिनी, नियम जिवंत सभासदांपुरताच आहे."

"मग आधी नाही का सांगायचं! लिहा, शांती आहे."

ही हकिगत कळल्यावर सगळ्यांची मान खाली गेली. मास्तरांनी शिंप्याच्या वडिलांवर नवं प्रवचन लिहायचं कबूल केलं, शिंप्याने मास्तरांचे कपडे फुकट उसवायला घेतले. रविवारी प्रार्थनाघरात पाणी तापलं, टॉवेल मांडले गेले, लांब टेबल लागलं. शिंपी आणि मास्तर यांनी बहिणीला खुर्चीसकट उचलून आणलं. सुताराने वही उघडली.

"सर्वांना विचारलं आहे," त्याने वाचलं. "सर्वांची शांती आहे."

"मला विचारलं नाही," बहीण म्हणाली.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. पस्तीस वर्षं तिच्या नावापुढे सुतार घरच्या टेबलावर, तिने वाढलेलं खाता खाता, खूण करत आला होता. तो हसला. "बरं, ताई. काही नाही ना मनात?"

"आहे. तुझ्याबद्दल."

पाण्याची वाफ तेवढी हलत होती.

"तो लष्करातला ड्रायव्हर आठवतो? मला मागणी घालायला आला होता. तू नवा नवा सेवक झाला होतास. दारातच सांगितलंस त्याला, की आमच्यात शिपायाला मुलगी देत नाहीत. मला आत हाकसुद्धा मारली नाहीस. अरे, बटाटे वाहायचा तो. बंदुकीची त्यालाच भीती वाटायची." तिला धाप लागली. "त्या वर्षी म्हटलं, तू विचारशील तेव्हा सांगेन. दर वर्षी उत्तर तयार ठेवायचे मी."

नियम सुताराला पाठ होता. त्याने वही मिटली आणि टेबल आवरायला सांगितलं. सतरा माणसं कोरड्या पायांनी घरी गेली.

त्यानंतर तो रोज सकाळी तिच्या उशाशी बसून विचारायचा, "ताई, काही आहे का मनात?" आणि ती म्हणायची, "आहे." मग थोडंथोडं सांगायची. ड्रायव्हर शीळ छान घालायचा. ट्रकच्या काचेवर त्याने तिच्यासाठी पडदा लावला होता. सुतार ऐकून घ्यायचा. जन्मभर एका छताखाली राहून ही बाई त्याला नव्यानेच भेटत होती, आणि भेटायला आता वेळ नव्हता, याचं त्याला फार वाईट वाटे.

सोळाव्या दिवशी ती म्हणाली, "तसराळं आण. पाणी कोमट कर."

"मंडळीला बोलावतो. बायकांचे पाय बायकाच..."

"मंडळी नको. आणि माझे नाही, तुझे. राग माझा होता, धुणार मी."

एकसष्ट वर्षांचा सुतार मोजे काढून पलंगाच्या कडेला बसला. स्टुलावर तसराळं, तसराळ्यात त्याचे पाय. तिला हात उचलवेना, म्हणून त्याने तिचं मनगट धरून पाण्यात सोडलं. तिची बोटं त्याच्या घोट्यावरून, टाचेवरून सावकाश फिरली. तो हुंदके देत होता. ती बोटांपाशी थांबली.

"नखं कापत जा रे," ती म्हणाली आणि डोळे मिटले. त्यानंतर ती बोलली नाही. पहाटे गेली.

सकाळी मास्तर कोरी वही घेऊन आले. आता ते प्रत्येकाचं प्रवचन नवं लिहीत. "शेवटचे शब्द काय होते?" त्यांनी हळूच विचारलं. सुताराला शांतीची कितीतरी सुंदर वचनं तोंडपाठ होती. त्यातलं एखादं सांगितलं असतं तर कुणी शंका घेतली नसती. त्याने खरं ते सांगितलं. मास्तरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

दुपारी कबरीपाशी त्यांनी ते वाचलं, एकही शब्द न बदलता. कुणी हसलं नाही. एकेकाची नजर आपापल्या बुटांकडे गेली. सुताराने तेवढं खाली पाहिलं नाही. त्याने सकाळीच कापली होती.