पंच नंबर एक

आमच्या सुखदेवभाऊंना कुठलीही गोष्ट नुसती दिसत नाही, ती त्यांना 'मिळून येते'. पुतणीच्या लग्नात पंगतीला बसले, द्रोणात बोट फिरवलं आणि वाढप्याला म्हणाले, "सदर वरण पातळ अवस्थेत मिळून आले." वाढपी बिचारा परगावचा, केनवडकडचा. त्याला वाटलं, काही सरकारी चौकशी आहे. दोनदा जास्तीची बुंदी वाढून गेला.

माणूस कोण, तर गावचा जुना कोतवाल. तलाठ्याच्या हाताखाली जन्म काढला. नोकरी संपली, पण गावातल्या प्रत्येक पंचनाम्यावर पहिली सही त्यांचीच. विहिरीत कोणी पडो, गोठ्याला आग लागो, मोटरपंप चोरीला जावो. एरवी पंच व्हायला तयार कोण असतं? पुढे वाशीमच्या कोर्टात खेटे घाला, वकिलाचे टोमणे खा! मेडशीच्या पुढे आमचा फाटा लागतो, तिथं पोलिसांची गाडी थांबली की माणसं पांगतात. हे मात्र इस्त्रीचा सदरा घालून हजर. माझं टेलरिंगचं दुकान चौकीसमोरच, म्हणून माझा टेप न विचारता उचलायचे. "टेलर, सरकारी काम हाय," म्हटलं की झालं. गिऱ्हाईक हात वर करून उभं, आणि टेप चालला विहिरीवर! मी पुष्कळदा ओरडलो. काही उपयोग नाही.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. घरात बोलायला भिंती. त्यात दोन वर्षांपूर्वी चौकीला नवे फौजदार आले. तेही एकटेच, कुटुंब मुलांच्या शाळेपायी दूर. दोघांचं असं जमलं म्हणता! रोज चार वाजता चौकीच्या ओसरीवर चहा. फौजदार स्वतः करायचे आणि भाऊ त्यांना जुने पंचनामे तोंडपाठ म्हणून दाखवायचे. फौजदारांचं हसणं माझ्या मशीनच्या आवाजावरून ऐकू यायचं.

मग एक पंपचोरी झाली, आणि फौजदारांनी पंच म्हणून दुसरीच दोन माणसं नेली. कारण साधं होतं. दर केसमध्ये एकच पंच दिसला की समोरचा वकील म्हणतो, हा तर पोलिसांचा ठरलेला माणूस. पण हे भाऊंना कोण समजावणार? सदरा घालून तयार झालेले, तसेच माझ्या दुकानात येऊन बसले.

"जिंदगीभर सह्या केल्या, अन आता मी चालत नाई! काहून?"

त्या दिवसापासून चहा बंद. चौकीवरून जायचं तर तोंड फिरवून. एवढा म्हातारा माणूस, पण रुसवा नव्या नवरीचा.

आठवड्याभरानं, चारच्या सुमारास, चौकीत गोळी वाजली. मी बाही लावत होतो, सुई बोटात गेली. फौजदार गेले. त्यांचंच पिस्तूल, आणि खोलीत ते एकटेच.

गावाची तोंडं काय, मोकळीच. कोणी म्हणे, साफ करताना गोळी सुटली. कोणी म्हणे, कसली सुटते, त्यांनीच केलं. कोणी वरच्यांचा जाच काढला, कोणी घरचं भांडण. चौकशीचे साहेबलोक काही सांगेनात, म्हणून आम्ही एकमेकांना सांगत होतो. बाहेरून आलेल्या साहेबानं पंच म्हणून सुखदेवभाऊंनाच बोलावलं, तर हे "मले जमत नाई" म्हणून घरात शिरले! फाट्यावर हशा पिकला. पंच नंबर एक पळाला म्हणे. मीही हसलो. आता त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुकानात भाऊंचा पंचनामा सुरू झाला, न पाहिलेल्या खोलीचा. मशीन म्हणजे टेबल, गिऱ्हाइकाचं स्टूल म्हणजे खुर्ची.

"पाह्य टेलर. तेलाचा फडका इथी. साहेब असा वाकला. हात सटकला. अपघात!"

दुसऱ्या दिवशी स्टूल पूर्वेला. "काल चुकलं. उजेड खिडकीतून येते ना, मंग तोंड तिकडं." तिसऱ्या दिवशी फडका जमिनीवर. खुर्ची रोज हलायची, निकाल तोच. सोयाबीन निघालेलं, दिवाळीचे कपडे ढिगानं पडलेले, आणि मी आपला स्टुलाभोवती फिरतोय.

शेवटी माझं डोकं सटकलं. म्हणालो, "भाऊ, माणसानं मनात ठरवलं असन तर खुर्ची कुठीबी असो. काय फरक पडते?"

त्यांनी स्टूल जागेवर ठेवलं आणि निघून गेले.

दोन दिवस फिरकले नाहीत. मला काही चैन पडेना. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. भाऊ खाटेवर बसलेले, दाढी वाढलेली, चूल थंड.

मी काही विचारायच्या आत म्हणाले, "त्या दिवशी फोन आलता. साहेबाचा. चारच्या आंधी. म्हणे, भाऊ, चहा मांडला, येता काय? म्या म्हणलं, तुमच्या नव्या पंचाइले बोलवा चहाले. अन ठेवून देला."

मी खाली बसलो.

"हासला तो, टेलर. ठेवता ठेवता आयकलं म्या. हासला. मंग हासणारा माणूस असं करते काय? सांग ना बाप्पा. करते काय?"

अपघात असेल, तर त्यांनी फक्त एक चहा नाकारला होता. नसेल, तर... पुढचं माझ्या मनातही आणवेना. मला त्या माणसाची फार दया आली.

"नाई करत," मी छातीठोक सांगितलं. "हासणारा माणूस असं नाई करत, भाऊ. अपघातच होता तो. लागन तर कागद आणा, लिहून देतो. खाली सही करतो."

त्यांनी मान वर केली.

"तू होता तिथी?"

"नाई."

"मंग सही कशी करशीन?" आवाज जुनाच, कोर्टात उलटतपासणीला उभं राहणारा. मग तो फुटला. "तिथी मी पायजे होतो, टेलर. मले बोलावलं होतं."