तुरतुरीची शेपटी कशी वाचली

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. हसू नका. तुमच्याही गावाजवळ असेलच की एखादं.

तिथे तुरतुरी नावाची खार शिकत होती. अभ्यासू, सरळ आणि भारी भित्री. वृक्षशास्त्र शिकवायला होते अस्वल सर. सर वर्गात येत, डोळे मिटत आणि म्हणत, "लिहून घ्या." मग वर्ग माना खाली घालून लिहून घेई. एकदा सर सांगत होते, "वड हा थोर वृक्ष असून, ए माकडा, खाली उतर, त्यास पारंब्या असतात." साऱ्या वर्गाने तेही लिहून घेतलं. माकडानेसुद्धा.

परीक्षा तोंडावर आली आणि कुलगुरू हत्तींनी फर्मान काढलं. जो कुणी दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून लिहील, त्याची शेपटी छाटण्यात येईल.

कुणी फारसं मनावर घेतलं नाही. कुलगुरूंना अधूनमधून फर्मानं काढायची सवयच होती. पण तुरतुरीने दोन्ही हातांनी आपली शेपटी घट्ट धरली. खारीची शेपटी गेली की मागे काय उरतं? उंदीर!

ती नोट्स घेऊन तडक सरांकडे गेली.

"सर, हे सगळे शब्द तुमचे. मी पाठ करून पेपरात लिहिले, तर ती चोरी होईल का हो?"

"माझे?" सरांना फार लागलं ते. "अगं, मी स्वतःचं काही शिकवतो असं कुणी सांगितलं तुला? हे आमच्या गुरुजींचं. त्यांनी त्यांच्या गुरुजींकडून घेतलं. आजवर काना इकडचा तिकडे झालेला नाही."

म्हणजे माल तीन हातांतून आलेला! बिचारीची झोपच उडाली.

शेजारच्या ढोलीतल्या हिरोजी पोपटाने तिची समजूत घातली. "वेडाबाई, पाठ झालं की ते आपलंच. गिळलेला पेरू परत कोण मागायला येतो?"

हिरोजीला शेपटीची काळजी नव्हती. तो दरवर्षी पहिला येई आणि कुलगुरूंच्या हस्ते त्याचा सत्कार होई. तुरतुरीला मात्र ते पटेना. तिने नोट्स मिटल्या, वडाखाली जाऊन बसली आणि नुसती बघत राहिली. जे पाहिलं ते तिने परीक्षेत आपल्या साध्या भाषेत लिहिलं आणि निश्चिंत झाली.

निकालाच्या आधी तिला बोलावणं आलं. समोर परीक्षक घुबड, बाजूला अस्वल सर.

"सगळ्या वर्गाचं उत्तर एक," घुबड म्हणालं. "'ए माकडा, खाली उतर'सकट. तुझं एकटीचं वेगळं. नोट्समध्ये हे कुठेच नाही. म्हणजे तू बाहेरून चोरलंस. बोल, कुठून?"

"चोरलं नाही हो! पाखरं वडाची फळं खातात, त्यांच्या विष्ठेतून बी पडतं आणि भिंतीच्या फटीत रुजतं. मी स्वतः पाहिलंय."

"साक्षीदार?"

"पाखरं."

"पाखरांनी नोट्स काढल्या होत्या?"

"नाही."

घुबडाने कात्री मागवली.

कात्रीचा कचकच आवाज ऐकला आणि तुरतुरीला आयुष्यात पहिल्यांदा थाप मारायचं सुचलं. "चुकलं माझं!" ती हात जोडून म्हणाली. "हे माझं नाहीच. अस्वल सरांच्या गुरुजींचे जे गुरुजी, त्यांचं आहे. जसंच्या तसं उतरवलंय!"

घुबडाने कात्री खाली ठेवली. "मग आधी नाही का सांगायचं?"

अस्वल सरांचे डोळे पाण्याने भरले. "वाटलंच मला! काय ती भाषा! हल्ली असं लिहितं कोण?"

तुरतुरीला पहिला वर्ग मिळाला. त्या आनंदात ती घरापर्यंत जमिनीला पाय न लावता गेली.

पुढच्या वर्षी अस्वल सरांनी नव्या वर्गासमोर डोळे मिटले. "लिहून घ्या. बी भिंतीच्या फटीत रुजतं. मी स्वतः पाहिलंय."

खिडकीबाहेर वड होता. पाखरं फळं खात होती. सगळ्या वर्गाने माना खाली घातल्या आणि लिहिलं, "मी स्वतः पाहिलंय."

तात्पर्य : चोरी फार वाईट, बाळांनो. म्हणून स्वतःला काही सुचलंच, तर ते वेळीच एखाद्या दिवंगत गुरुजींच्या नावावर करून टाकावं.